खिडकीबाई पाण्यात उतरल्या त्याची गोष्ट

आमच्या भागातल्या मोठ्या बागेच्या मागच्या अंगाला नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव आहे. आत शिरायचं तर आधी एका खिडकीसमोर वाकावं लागतं. ती खिडकी कुणी बसवली देव जाणे, पण ती माणसाच्या पोटाच्या उंचीवर आहे, त्यामुळे भल्याभल्यांना तिथे कमरेत वाकूनच बोलावं लागतं. त्या खिडकीमागे बावीस वर्षं एकच बाई बसत आल्या. पास देणं, वर्गांची नावं नोंदवणं, टोपी विसरलेल्यांना परत घरी पाठवणं ही त्यांची कामं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण आम्ही सगळे त्यांना खिडकीबाईच म्हणायचो.

तलावाची खडान्‌खडा माहिती त्यांना होती. उथळ बाजूला पाणी कुठवर येतं, कुठली पायरी निसरडी आहे, क्लोरीन कधी टाकतात, डोळे चुरचुरले तर काय करायचं, सगळं तोंडपाठ. एखादी आई पोराला घेऊन बिचकत उभी राहिली की त्या म्हणत, "अहो, घाबरता काय? पाणी माणसाला आपणहून वर उचलतं. अंग सैल सोडायचं, बस्स!" हे इतक्या ठामपणे म्हणत की आई तिथल्या तिथे निर्धास्त होई. मीसुद्धा त्याच वाक्याला भुलून नाव घातलं. मी भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. जगातले सगळे समुद्र मुलांना नकाशावर दाखवले, पण स्वतः गुडघ्यापलीकडे कधी भिजले नव्हते.

वर्ग होता पन्नाशी ओलांडलेल्या बायकांचा. दुपारी दोन ते तीन, म्हणजे खिडकी बंद असते त्या वेळात. नावं पडली अकरा. आणि नेमकं तेव्हाच उद्यान विभागाचं पत्रक आलं, की बारापेक्षा कमी नावं असलेला वर्ग चालवू नये. तलावाचे साहेब मनाने चांगले, पण कागदापुढे मऊ. ते खिडकीशी आले तेव्हा मी तिथेच वाकलेली होते.

"अकराच आहेत ना? मग ती वेळ शर्यतीच्या मुलांना देऊन टाकू," साहेब म्हणाले.

"साहेब, मुलांना सकाळही आहे आणि संध्याकाळही. या बायकांना एवढा एकच तास मिळालाय."

"मला कळतंय हो बाई. पण पत्रकात बारा लिहिलंय."

खिडकीबाईंनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग वही पुढे ओढली आणि अकराव्या नावाखाली पेनाने स्वतःचं नाव लिहिलं. वर शिक्काही मारला. "झाली बारा," त्या म्हणाल्या.

साहेब खूश होऊन गेले. मीही खूश. खिडकीबाई सगळ्यांत खूश, कारण त्यांच्या हिशेबाने काम कागदावरच संपलं होतं.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मुलीने हजेरी घेतली. ती विशीतली, काटक, आणि आम्हा सगळ्यांना सरसकट काकू म्हणणारी. अकरा जणी "हजर" म्हणाल्या. बारावं नाव आलं तेव्हा खिडकीबाई खिडकीच्या आतून ओरडल्या, "हजर!"

"काकू, पाण्यात या ना."

"मी हजर आहे गं. इथून ऐकतेय सगळं."

मुलीने मान हलवली आणि भिंतीवरच्या फलकाकडे बोट केलं. सलग तीनदा गैरहजर राहिल्यास नाव रद्द, आणि हजेरी म्हणजे पाण्यातली हजेरी. हा नियम पूर्वी काही जण नुसतेच काठावर बसून गप्पा मारत म्हणून खुद्द खिडकीबाईंनीच लिहून लावला होता, लाल अक्षरांत. त्यांचं नाव कटलं की आम्ही पुन्हा अकरा, आणि अकरा म्हणजे वर्ग बंद. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा कुठे आम्हाला कळलं, की बावीस वर्षं तलावावर काढलेल्या या बाईंनी त्यात पायाचा अंगठाही बुडवलेला नाही.

घरी काय झालं ते त्यांनीच मला पुढे सांगितलं. जेवताना त्यांनी ही हकीकत काढली, तर सासूबाई ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!" आणि आमटी वाढून घेतली.

नवरोबा मात्र उत्साहात आले. ते शिंपी होते. शाळांचे गणवेश शिवायचे, वर्षाला शेकड्यांनी. "अगं, पोहायचा पोशाख विकत कशाला आणायचा? मी शिवतो की!"

"अहो, ते ताणणारं कापड असतं. तुम्ही कधी कापलंय?"

"कापड ते कापड. कात्रीला काय कळतंय?"

त्यांनी दोन दिवस खपून गुडघ्यापर्यंतचा, अर्ध्या बाह्यांचा, गडद निळा पोशाख शिवला. दुहेरी शिलाई, एक सुरकुती नाही. बायकोने तो घालून आरशात पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. फक्त तीस वर्षांची सवय हाताला, म्हणून उजव्या बाजूला एक खिसाही लागला होता. छान खोल, रुमाल मावेल एवढा.

तो पोशाख घालून खिडकीबाई तिसऱ्या दिवशी तलावावर आल्या. पायऱ्यांचा कठडा दोन्ही हातांनी धरून एक पायरी उतरल्या, मग दुसरी. तिसरीवर थांबल्या त्या थांबल्याच. मी पाण्यात उभी होते. धीर द्यावा म्हणून म्हटलं, "अहो, घाबरता काय? पाणी माणसाला आपणहून वर उचलतं."

"ते सांगायचं वाक्य आहे हो," त्या दात आवळून म्हणाल्या.

तो तास त्यांनी तिसऱ्या पायरीवर काढला, पण हजेरी लागली. पुढच्या तासाला त्या तळाला पाय टेकून उभ्या राहिल्या आणि माझं मनगट असं धरलं की संध्याकाळपर्यंत त्यावर चार बोटं उमटलेली होती. दोन आठवड्यांनी त्या फळी धरून पाय मारायला लागल्या. पाय चांगले मारायच्या, जोरही होता, पण काही केल्या सरळ जाईनात. निघायच्या समोरच्या भिंतीकडे आणि पोचायच्या आमच्यात. पाठ करून उभ्या असलेल्या बायकांना मागून फळी लागायची. शिकवणाऱ्या मुलीने हात पाहिले, पाय पाहिले, मान पाहिली. तिला काही उमगेना.

"काकू, तुम्ही मुद्दाम उजवीकडे वळता का?"

"मी सरळच जाते. तलावच वळतोय."

शेवटी त्या पायऱ्यांवरून वर चढत होत्या तेव्हा माझ्या लक्षात आलं. उजव्या अंगाला खिसा टम्म फुगलेला, आणि त्यातून नळासारखी धार लागलेली. मी ओरडले, "अहो बाई, तुम्ही निम्मा तलाव खिशात घालून चाललाय!" आम्ही बाराही जणी काठ धरून इतक्या हसलो की साहेब ऑफिसातून धावत बाहेर आले. त्यांना वाटलं, कुणीतरी बुडतंय.

नवरोबांनी त्याच संध्याकाळी खिसा उसवला. थोडे हिरमुसले म्हणे. "पण खिसा होता छान," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून खिडकीबाई सुतासारख्या सरळ जाऊ लागल्या.

राहिला तो श्वास. पाण्यात तोंड घालून सोडायचा, मान कडेला वळवून घ्यायचा, ही साधी गोष्ट त्यांना जमेना. त्या काठावरच छाती भरून घेत, तोंड मिटत आणि निघत. आठ-दहा हात मारले की चेहरा जांभळा पडे आणि त्या मध्येच ताडकन उभ्या राहत. मुलीने सहा आठवडे समजावलं. बादलीत तोंड घालून करून घेतलं, मोजून करून घेतलं, चित्र काढून दाखवलं. एकदा तर तिने चक्क हात जोडले. खिडकीबाईंचं एकच म्हणणं, "पाण्यात तोंड उघडायचं म्हणजे काय गं? ते आत येईल ना!"

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. तलावाची रुंदी न थांबता पार करायची, मग प्रमाणपत्र. साहेब वही घेऊन काठावर खुर्चीत बसले. खिडकीबाईंनी आपला नंबर सगळ्यांत शेवटी लावून घेतला होता. आम्ही अकरा जणी कुणी बेडकासारखी, कुणी तिरकी, कुणी देवाचं नाव घेत पलीकडे पोचलो. मग त्या निघाल्या. छाती भरलेली, तोंड मिटलेलं. तीन हात, चार, पाच. गाल फुगायला लागले. मुलीने डोळ्यांवर हात घेतला.

इतक्यात फाटकातून एक गृहस्थ तणतणत आत आले. बूट घालून, थेट काठापर्यंत. "खिडकी बंद का आहे? पासचं कोण बघतं इथे?"

साहेबांनी गांगरून पाण्याकडे बोट दाखवलं.

"अहो बाई!" गृहस्थ पाण्याकडे बघून ओरडले. "मासिक पासला काय काय लागतं?"

खिडकीबाईंची मान आपोआप कडेला वळली. "दोन फोटो!" आणि तोंड पुन्हा पाण्यात गेलं. बुडबुडे आले. मान पुन्हा वळली. "ओळखपत्राची प्रत!" बुडबुडे. "डॉक्टरांचा दाखला!" बुडबुडे.

"आणि फोटो कसले, रंगीत?"

"चालतील कसलेही!" बुडबुडे. "पण चेहरा... नीट दिसला पाहिजे!"

"काकू, विचारत राहा! विचारत राहा त्यांना!" मुलगी त्या गृहस्थांच्या बाहीला धरून ओरडत होती. घाईत तिने त्यांनाही काकू केलं होतं. गृहस्थांना काही कळेना, पण ते भले निघाले. त्यांनी टोपीचं विचारलं, लहान मुलाच्या पासचं विचारलं, गुरुवारी तलाव साफ करतात का तेही विचारलं. खिडकीबाई प्रत्येक प्रश्नाला मान वर काढून उत्तर देत गेल्या, आणि "खिडकी साडेतीनला उघडते!" असं म्हणताना त्यांचा हात समोरच्या भिंतीला लागला.

त्या भिंत धरून उभ्या राहिल्या आणि मागे वळून पाहिलं. निघाल्या होत्या तो काठ आता पलीकडे होता. मग त्या रडल्या, आणि रडताना हसल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या गृहस्थांनीही वाजवल्या आणि साडेतीनपर्यंत बाकावर थांबले.

त्या दिवशी बाहेर केस पुसताना मी त्यांना विचारलं, "बावीस वर्षांत एकदाही उतरावंसं वाटलं नाही?"

त्यांनी जरा विचार केला. "वाटायचं की. पहिली काही वर्षं खूप वाटायचं. पण सगळे मला पास मागायचे हो. तुम्हीही या, असं कुणी म्हटलंच नाही. मग मीही म्हणायचं सोडून दिलं." टॉवेल खांद्यावर टाकत त्या पुढे म्हणाल्या, "आत किती शांत असतं नाही? मला खिडकीतून नुसता दंगाच ऐकू यायचा."

पुढच्या सत्रात पन्नाशीपुढच्या बायकांच्या वर्गाला एकतीस नावं आली. साहेबांची पंचाईत झाली, कारण तीसच्या वर नावं घेऊ नयेत असंही पत्रकात लिहिलेलं होतं. खिडकीबाईंनी मुख्य कार्यालयात स्वतः जाऊन दुसरा तास मंजूर करून आणला.

या नव्या वर्गात एक बाई आहेत, कुठल्याशा दवाखान्यात आया म्हणून काम करतात. जन्मभर दुसऱ्यांना आंघोळ घातली, पण स्वतः पाण्याच्या काठावर आल्या की कठडा सोडत नाहीत. खिडकीबाई आता सोमवारी आणि शुक्रवारी दुपारी डबा लवकर संपवून त्यांच्याशेजारी पायरीवर जाऊन बसतात. शिकवत काहीच नाहीत. दोघी सुनांबद्दल आणि गुडघेदुखीबद्दल बोलत बसतात. गेल्या शुक्रवारी बोलता बोलता दोघी तिसऱ्या पायरीवर आल्या होत्या, आणि पाणी पोटऱ्यांच्या वर गेलंय हे त्या आयाबाईंच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं.