आधी आत बघा, मग काय ते काढा

"गर्भपिशवीच काढून टाकू, कायमची कटकट मिटेल," असं डॉक्टर म्हणाले आणि माझा नवरा मान डोलावून मोकळा झाला. माझं डोकंच फिरलं. पिशवी माझी, अजून एक पोर पदरात नाही, आणि हा बाबा बसचं तिकीट काढल्यासारखा हो म्हणतो!

पोटात गाठ आहे हे मला कबूल होतं. दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं की उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. डॉक्टरांनी हातानं चाचपून गाठ नारळाएवढी आहे म्हणून सांगितलं. एक्सरे काढला, तर त्यात माझी हाडं तेवढी झकास दिसली. मी म्हटलं, "गाठ पिशवीच्या आत हाय का भाईरच्या अंगाला, ते कुणी बघितलंय? आधी बघा, मग काय ते काढा." डॉक्टर वैतागले, पण चिठ्ठी लिहून दिली. ऐंशीनंतरचा काळ तो, बेळगावात सोनोग्राफीचं मशीन नुकतंच आलेलं. गाठ बाहेरून असेल तर तेवढीच काढू, म्हणाले. ऑपरेशन तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी ठरलेलं होतं.

तपासणीला लघवी तुंबवून यायचं होतं. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी बाजूला सरतात आणि मागची पिशवी नीट दिसते, असं नर्सनं समजावलं. मी शहाणी, आमच्या गावी जांबोटीत घरीच तांब्यावर तांब्या रिचवून बसले. मग बेळगावच्या रस्त्यावरची बस! एकेका खड्ड्याला जीव मुठीत धरला. सोबत सासू होती. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. कमी बोलायच्या, पिशवीच्या भानगडीत तर घरी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

दवाखान्यात पोचलो आणि करंट गेला. मशीन बंद. मी बाकावर पाय आवळून बसले. नर्स म्हणाली, "लघवीला जाऊन या हवं तर, पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात काय बघणार, कपाळ? "मी हलणार न्हाय," मी म्हटलं. पण डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

तेवढ्यात आत्यांनी तोंड उघडलं. "तुझ्या आईनं लग्नात दिलेली घागर पयल्या दिवसापासनं गळती."

मला वाटलं, माझ्या कानांना झालंय काय! "घागर गळत न्हाय, तुम्ही आपटलीसा ती!"

"आन् तुझी आमटी? जनावरं बी तोंड लावनात."

मग मी सोडते होय? आमटीवरून माहेरावर, माहेरावरून थोरल्या नणंदेच्या बाळंतपणावर, सगळं बाहेर निघालं. बाकावरच्या बायका आपली दुखणी विसरून ऐकत होत्या. मी तावातावानं बोट नाचवत होते आणि डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.

आत टेबलावर पोटाला गार मलम लागलं. काळ्या पडद्यावर राखाडी ढग हलायला लागले. मशीनवरच्या डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. "गाठ बाहेरून चिकटली आहे. आतली जागा चांगली आहे. पिशवी ठेवता येईल."

"मला बी दावा," आत्या दारातून म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी पडदा त्यांच्याकडं वळवला. आत्या पदर सावरून अगदी जवळ गेल्या आणि बघतच राहिल्या.

"घरात भांडाण काढलंसा न्हाय कधी. आजच कुठनं सुचलं?" मी विचारलं.

"करंट येईतवर तुझं ध्यान लघवीवरनं हटवायचं हुतं," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "माझी पिशवी काढली तवा कुणी आत बघितलं न्हवतं गं. हातानं चाचपलं आन् काढली. तुझा नवरा पाळण्यात हुता. आनि एक तरी झालं असतं मला."

मी त्यांचा हात घट्ट धरला. "झालं, आता लघवीला जाऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण हात न सोडता मी तशीच पडून राहिले.