पावाच्या भट्टीतले पिस्टन

वासुदेव ज्या चुकीची लाज आयुष्यभर वागवत जगला, ती चूक माझी होती.

आज सकाळी मलकापुरात तो गेला.
ग्रुपवर सगळे लिहितायत, "साधा माणूस, हाडाचा मेकॅनिक."

मेकॅनिक तो नंतर झाला. त्याआधी तो धातू बनवत होता.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षंच झाली होती. विहिरींवर डिझेल इंजिनं बसत होती, आणि कंपनीच्या पिस्टनसाठी महिनोन्महिने वाट बघायला लागायची. मग जो तो जुनी भांडी वितळवून ॲल्युमिनियमचा पिस्टन ओतायचा. इंजिन तापलं की तो मऊ पडून अडकायचा.

वासुदेवनं हट्टच धरला. तापल्यावरही कडक राहील असं ॲल्युमिनियम करायचं, आणि इथंच करायचं.

आम्ही दोघं भागीदार. डोकं त्याचं, हमाली माझी.

भंगारातले पिस्टन, त्यात मोजून तांबं, पुन्हा वितळव, पुन्हा ओत. दीड वर्षानं जमलं. पण ओतलेला पिस्टन लालबुंद निखाऱ्यात तापवून पाण्यात बुडवायचा आणि मग आठ तास मंद आचेत ठेवायचा, तेव्हा तो कडक व्हायचा. ही शेवटची आच वाढली की माल पुन्हा मऊ, सगळी मेहनत मातीत.

मंद आचेची भट्टी आणायची कुठून? पाव काढून झाले की बेकरीवाल्या चाचांची भट्टी बराच वेळ कोमट-गरम राहायची. चाचा हसायचे, पण जागा द्यायचे.

ते पिस्टन आख्खा उन्हाळा चालले. वासुदेव मुंबईला नमुने पाठवायचं बोलायला लागला.

मग माझ्या बहिणीचं लग्न आलं.

तेव्हा नानकटाई विकत आणत नसत. घरचा मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि भाजून आणायची. मी डबे घेऊन गेलो, तर भट्टीत आमचेच पिस्टन. आठातले तीनच तास झालेले.

चाचा म्हणाले, "पह्यले तुमचा माल काढा भाऊ, मंग मी लाकडं टाकतो."

मला घाई होती. म्हटलं, "राहू द्या चाचा, मांगं सरकवतो."

सरकवले. चाचांनी लाकडं टाकली आणि पिस्टन ताज्या निखाऱ्यांना चिकटून राहिले.

नानकटाई फार छान झाली.

वासुदेव तेव्हा आमच्या दारात मांडव घालत होता, स्वतःच्या बहिणीचं लग्न असल्यासारखा. एरवी प्रत्येक खेपेचा एक पिस्टन तो स्वतः तापवून त्याला कानस लावायचा. कानस रुतली तर माल मऊ. त्या दिवशी शिडीवरूनच विचारलं, "कानस लावली ना बे?"

"हाव," मी म्हटलं.

लावली नव्हती.

त्यातला एक पिस्टन डोणगावकडच्या मळ्यात गेला. चालत्या इंजिनात अडकला, दांडा तुटला, तुकडा उडून मळेवाल्याच्या पायात घुसला. तो माणूस पुढं कायम लंगडत चालला.

वासुदेव त्याच्या खाटेपाशी हात जोडून उभा राहिला. "मालक, माह्या धातूनं दगा देल्ला."

मी मागंच होतो. तोंड उघडलं नाही.
भित्रा होतो, दुसरा शब्द नाही.

धातूची मापं तो एका वहीत लिहायचा; त्यातल्या त्या पानावर त्यानं काट मारली आणि खाली लिहिलं, 'तांबं चुकलं.' ओतकाम बंद. पुढं जन्मभर लोकांची इंजिनं खोलून त्यात कंपनीचे पिस्टन बसवत राहिला.

सांगायचं मी दरवर्षी ठरवायचो. त्याच्याकडं जायचो, चहा प्यायचो आणि उठून यायचो.

मागच्या महिन्यात गेलो तर अंथरुणाला खिळलेला. जरा वेळानं म्हणाला, "मले एक गोष्ट अजून समजली नाही. तांबं तं मोजूनच टाकलं होतं. मंग काऊन फसलं असन बे?"

मी त्याचं पांघरूण सारखं केलं. म्हटलं, "जाऊ दे ना आता."

इतक्या वर्षांनी त्यानं तोंडावर विचारलं, आणि मी 'जाऊ दे' म्हणालो.

त्या अपघातावरून ज्यांनी ज्यांनी त्याला नावं ठेवली, त्यांनी हे वाचा. आता मला ठेवा.

वासुदेव, तांबं बरोबर होतं.
तुझं सगळंच बरोबर होतं. भट्टीत लाकडं मी टाकू दिली.

श्रद्धांजली कोणत्या तोंडानं वाहू? नुसता नमस्कार घे, गड्या.