लिफ्टमास्तरांचा बोलका डबा

"मला असं वाटतं की" एवढंच बोलून लिफ्टमास्तर गप्प झाले. म्हणजे त्यांच्या उशाशी ठेवलेला स्पीकर गप्प झाला. पडदा काळा पडला, जमिनीवरच्या कॉम्प्युटरच्या डब्यातली घरघर थांबली, आणि पलंगावर पडलेल्या माणसाचे फक्त डोळे तेवढे हलत राहिले.

"गेला का परत?" टेलरबाईंनी शिलाई मशीनवरचा पाय उचलला. सकाळपासून तो किती वेळा बंद पडला, याची मोजदाद त्यांनी केव्हाच सोडून दिली होती.

लिफ्टमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणायचे. मग नसांचा आजार झाला. आधी पाय गेले, मग हात, आणि शेवटी आवाज. उरले ते डोळे आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक. त्या टोकाखाली एक बटण बसवलेलं होतं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळायच्या, हवी ती ओळ आली की मास्तर बटण दाबायचे, मग त्या ओळीतलं अक्षर निवडायचे. असं करत करत वाक्य तयार झालं की कॉम्प्युटर ते मोठ्यानं बोलून दाखवायचा. आवाज अगदी सपाट, रेल्वे स्टेशनवर घोषणा व्हावी तसा. पण टेलरबाईंना आता त्यातलं सगळं कळायचं. कधी नवरा चिडलाय, कधी थट्टा करतोय आणि कधी उगाच लाडात आलाय, हेसुद्धा.

हा आवाज कधीही दगा द्यायला लागल्यापासून बाईंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी उपाय करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. प्लग बदलून पाहिला, वायर बदलून पाहिली. दुकानातला मेकॅनिक येऊन डबा घेऊन गेला, आतले सगळे प्रोग्रॅम पुसून नव्यानं भरले, आणि म्हणाला, "बाई, माझ्याकडे दिवसभर चालला, एकदाही बंद पडला नाही. तुमच्या घरच्या लाइटचा प्रॉब्लेम असणार." मग लाइटवाल्याला बोलावलं. त्यानं सगळे बोर्ड उघडून पाहिले आणि सांगितलं, "लाइट ठणठणीत आहे. मशीनच खराब असेल." दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मध्ये बाईंचा फुटबॉल झालेला.

एकदा तर त्या स्वयंपाकघरात सूप ढवळत होत्या. आतून मास्तरांचा आवाज आला, "अगं, घशात" आणि पुढे काहीच नाही. बाई गॅस तसाच सोडून धावल्या. मास्तरांच्या घशात लाळ अडकली होती, चेहरा काळानिळा पडला होता. त्यांनी लाळ ओढायच्या मशीननं घसा साफ केला, पाठ चोळली, श्वास पूर्ववत झाला. पण ते "अगं, घशात" त्यांच्या कानातून काही केल्या जाईना. तो शब्दही आधीच कापला गेला असता तर? त्या दिवसापासून त्या न्हाणीघरात जातानाही दार उघडं ठेवायच्या.

आणि आज संध्याकाळी डॉक्टरीणबाई येणार होत्या.

मास्तरांना आता गिळता येईनासं झालं होतं. पोटात नळी घालायची की नाही, हे ठरवायचं होतं. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी अगदी स्पष्ट सांगितलं होतं, "हे मला त्यांच्याकडून ऐकायचंय. बायकोकडून नाही, भावाकडून नाही. त्यांना बोलता येतंय ना? मग तेच सांगतील."

बाईंनी डब्याचं बटण दाबलं. दिवा लागला, पडद्यावर काहीतरी उमटलं, अक्षरांच्या ओळी दिसायला लागेपर्यंत पुन्हा सगळं काळं. पुन्हा दाबलं. या वेळी ओळी दिसायच्याही आधी गेला.

तेवढ्यात धाकट्या दिराचा फोन आला.

"वहिनी, डॉक्टरांना घेऊनच येतोय. काय म्हणतोय दादा?"

"दादा काही म्हणत नाहीत. कॉम्प्युटर बंद पडलाय."

"असू दे हो. मी बोलतो ना डॉक्टरांशी. दादाला काय हवंय ते मला ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक आहे, भावजी?" बाईंचा आवाज चढला. "मी चोवीस तास त्यांच्याजवळ असते, मला नाही ठाऊक. तुम्हाला कुठून कळलं?"

मग दीर म्हणाला, "चिडू नका. येतोच आम्ही."

बाईंना खरंच ठाऊक नव्हतं. नळीचा विषय निघाल्यापासून त्यांनी नवऱ्याला तोंडानं एकदाही विचारलं नव्हतं. हो म्हणाले तर पुढचं सगळं दिसत होतं, आणि नाही म्हणाले तर त्याहून पुढचं. दोन्ही उत्तरांची सारखीच धास्ती. आणि आज मास्तर आपणहून "मला असं वाटतं की" म्हणाले, तर हा डबा मेला.

मास्तर टक लावून त्यांच्याकडे पाहत होते. मग त्यांनी नजर भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे नेली. कॉम्प्युटर येण्याआधी दोघं तसंच बोलायची. बाई ओळी म्हणायच्या, मास्तर वर बघायचे म्हणजे हो, डोळे घट्ट मिटायचे म्हणजे नाही.

"बरं, बोला." बाई स्टूल ओढून बसल्या. "क-ची ओळ? च-ची? ट-ची? त-ची?"

डोळे वर गेले.

"त?"

वर.

"काना? काना. पुढे. क-ची? च-ची? ट-ची? त-ची? प-ची? प?"

वर.

"ताप!" बाई ताडकन उठल्या. कपाळाला हात लावला, थर्मामीटर काढला, काखेत घातला. "कधीपासून? अहो, सकाळी का नाही सांगितलं? अंग दुखतंय का?"

मास्तरांनी डोळे असे घट्ट मिटले की पापण्या थरथरल्या. थर्मामीटरमध्ये ताप नव्हता. बाई बुचकळ्यात पडल्या. मास्तरांनी डोळे उघडले, पुन्हा तक्त्याकडे नेले. त्या नजरेत एवढी चीड होती की तिला स्पीकरची गरज नव्हती. म्हणजे वाक्य पुरं व्हायच्या आत उठू नकोस.

"बरं बाबा, चुकलं. पुढे. त-ची ओळ? त? मात्रा? ओ-ची मात्रा? पुढे य?" बाईंनी जुळवलं. "तापतोय. कोण तापतोय? तुम्ही नाही ना? मग कोण?"

मास्तरांची नजर तक्ता सोडून जमिनीवर गेली. डब्यावर.

बाईंनी खाली वाकून डब्याच्या पत्र्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. इस्त्रीच म्हणा ना.

"अगं बाई! हा तापून बंद पडतोय?"

डोळे वर.

एकदा ते कळलं तशी बाईंना एकेक गोष्ट उलगडायला लागली. बंद पडल्यावर लगेच चालू केला तर लगेच जातो, आणि थोडा वेळ तसाच ठेवला तर जरा जास्त चालतो. एवढे दिवस डोळ्यांसमोर होतं, पण लक्षात कोण घेतो? दुकानात मेकॅनिककडे एसीची गार हवा असणार, म्हणून चालला.

"उघडू का मी?"

डोळे वर.

त्यांनी प्लग काढला. शिलाई मशीनचा बारीक स्क्रू ड्रायव्हर आणला, डबा पलंगाजवळ ओढून असा वळवला की मास्तरांना आतलं दिसावं, आणि बाजूचा पत्रा काढला.

आत पंखा होता. पंखा म्हणजे पंख्याच्या जागी काहीतरी होतं. खाली पत्र्याच्या बारीक पात्यांची रांग असावी, पण तिच्यावर नमद्यासारखा दाट थर चढला होता. बाईंनी चिमटीनं त्याचा कोपरा उचलला, तर जाडजूड पट्टीच निघून आली. वर राखाडी थर, तो शाळेच्या गणवेशांचा. त्याखाली जांभळा, मखमली पडद्यांचा. त्याखाली पांढरा, हॉस्पिटलच्या चादरींचा, गेल्या वर्षीचा. त्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या कापडांचा भुगा तिथे येऊन बसला होता. शिवता शिवता मास्तरांवर नजर राहावी म्हणून त्यांनीच मशीन या खोलीत आणलं होतं, कातरायचं टेबलही इथेच. आणि डबा जमिनीवर, अगदी त्यांच्या पायाशी, सगळा भुगा ओढून घेत बसलेला.

"मीच केलं हे," त्या पुटपुटल्या. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. पण बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

मशीन साफ करायच्या ब्रशनं त्यांनी पात्या झाडल्या. पंख्याच्या मधल्या दांड्याला दोरा गुंडाळला गेला होता, इतका घट्ट की पंखा बोटानंही फिरेना. त्यांनी भुवया उपटायच्या चिमट्यानं एकेक पीळ सोडवला. घाम नाकाच्या शेंड्यावरून आत टपकेल म्हणून मान तिरकी धरली. दोरा निघाला तेव्हा सवयीनं हात मशीनच्या तेलाच्या बाटलीकडे गेला. वर पाहिलं तर मास्तरांचे डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर आठ्या.

"तेल नको?"

पापण्या तशाच मिटलेल्या.

"नको तर नको. ओरडू नका."

जिन्यात पावलं वाजली. बाईंनी घाईघाईनं प्लग लावला, बटण दाबलं. काहीच नाही. ना पडदा, ना घरघर. आतून फक्त एक बारीक, केविलवाणी शिटी, थांबून थांबून.

मघाशी निदान चालू तरी होत होता. आता आपण तो पुरता मारला. दारावर टकटक झाली, दिराचा आवाज आला, "वहिनी!" बाई दाराकडे गेल्या नाहीत. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शांत होते. लिफ्ट मध्येच अडकली आणि आतली माणसं ओरडायला लागली की हे असेच शांत व्हायचे, असं त्यांचे सोबती सांगायचे. त्यांची नजर डब्याच्या आत एका जागी खिळली होती. बाईंनी त्या नजरेच्या दिशेनं बोट सरकवत नेलं. इथे? मिटले. इथे? मिटले. इथे? वर. एक उभी हिरवी पट्टी एका टोकाला जराशी वर आली होती, ब्रशचा धक्का लागून. बाईंनी प्लग काढला, पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबली. टक्.

"आले हो, आले!" त्यांनी दाराकडे ओरडून सांगितलं, प्लग लावला, बटण दाबलं आणि मग दार उघडायला गेल्या.

परत आल्या तेव्हा पंखा फिरत होता आणि पडद्यावर ओळी उजळत होत्या.

डॉक्टरीणबाई पलंगाशेजारी बसल्या. दीर उभा राहूनच म्हणाला, "डॉक्टर, दादाचं म्हणणं असं की उगाच नळ्याबिळ्या..."

"थांब," स्पीकर म्हणाला.

दीर थांबला. मास्तरांचं बोट हलायला लागलं. ओळ, अक्षर, ओळ, अक्षर. बाई पलंगाकडे नाही, उघड्या डब्याकडे बघत होत्या. पंखा फिरतोय ना, फिरतोय ना, एवढंच त्यांच्या मनात. हात पत्र्यावर ठेवून बघावा असं वाटत होतं, पण धीर होईना. वाक्य तयार व्हायला इतका वेळ लागला की दिरानं खिडकीशी जाऊन पाठ फिरवली.

"नळी घातली, तर जिभेवर चव घेता येईल का," स्पीकर म्हणाला.

डॉक्टरीणबाईंना हे अपेक्षित नसावं. त्या जरा पुढे झुकल्या. "येईल. पोट नळीनं भरेल. पण चहाचा थेंब, सूपचा थेंब जिभेवर ठेवायला हरकत नाही. जपून ठेवायचा, एवढंच."

बोट पुन्हा हललं. या वेळी कमी वेळ लागला.

"मग घाला."

खिडकीशी उभ्या असलेल्या दिराचे खांदे हलले. तो वळला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "मला वाटलं, दादा नको म्हणेल," तो वहिनीला हळूच म्हणाला. "त्याला त्रास नको, म्हणून मी..."

"मलाही वाटलं होतं, भावजी," बाई म्हणाल्या.

सगळे गेल्यावर त्यांनी डब्याला हात लावला. कोमट होता. मग त्या कमरेवर हात ठेवून पलंगासमोर उभ्या राहिल्या.

"एक विचारू? हे तापतंय, हे तुम्हाला आजच कळलं?"

मास्तरांनी नजर दुसरीकडे वळवली. मग बोट हललं.

"नाही."

"मग? मी इकडे मेकॅनिक आण, लाइटवाला आण, नुसती धावतेय, आणि तुम्ही गप्प?"

बराच वेळ ओळी उजळत राहिल्या.

"भुगा तुझा आहे हे सांगितलं असतं, तर तू मशीन बाहेरच्या खोलीत नेलं असतंस."

"नेलंच असतं! घशात अडकलं होतं त्या दिवशी, आठवतंय का? जीव गेला असता तुमचा!"

"एकटं पडून राहण्यापेक्षा."

बाई स्टुलावर बसल्या, त्यांनी मास्तरांच्या बोटाजवळ हात ठेवला. मग म्हणाल्या, "असला मूर्खपणा परत केलात तर बघा."

दुसऱ्या दिवशी कातरायचं टेबल बाहेरच्या खोलीत गेलं. भुगा जास्त कातरतानाच उडतो, हे बाईंना ठाऊक होतं. शिलाई मशीन तिथेच राहिलं, फक्त पलंगाच्या दुसऱ्या बाजूला. डबा एका उंच स्टुलावर चढला, आणि त्याच्या हवा घ्यायच्या तोंडाशी पातळ जाळीचं कापड बसवलं. ते धुवायला काढायची आठवण मास्तरच करतात, आणि बाई हातातलं काम संपवल्याशिवाय उठत नाहीत, म्हणून दोघांची रोज थोडी तरी बाचाबाची होते. नळीचं ऑपरेशन नीट पार पडलं. चव कशाची घ्यायची, हे मात्र अजून मास्तर आदल्या दिवशीच सांगून ठेवतात; न जाणो, ऐन वेळी डबा रुसला तर.