काकांचं पांढरं सीरम

आमच्या प्रयोगशाळेत काकांचं सीरम सगळ्यांत पांढरं निघायचं आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान होता! खरं सांगायचं तर आम्हालाही होता. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

काका शिपाई. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, गुडघे आधीच निवृत्त झालेले. रोज सकाळी प्रसूतिगृहात जाऊन बाळांच्या कापलेल्या नाळा बाटलीत घालून आणायचे. नाळेतल्या रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं. ते सोडवून घ्यायचं आणि ताटलीत वाढवायचं हे माझं काम. एक दिवसाआड पेशींचं खाणं बदला, घाण काढा, सुट्टी असली तरी या. पदरी मूल नसताना तान्ह्या मुलाची सगळी उस्तवार मी अकरा वर्षं केली. थकून गेले.

आमचा प्रश्न साधा होता. जेवणातली चरबी आणि कोलेस्टेरॉल रक्तातून वाहत असतात, ते या अस्तराच्या पेशी आत घेतात कशा? लोकांना वाटतं अस्तर म्हणजे नुसती भिंत. अजिबात नाही. या पेशी चरबीचे कण अख्खे गिळतात, फोडतात आणि थेंब करून साठवतात. ते बघायला जेवणानंतरचं रक्त लागतं. म्हणून कुणीतरी पेलाभर घट्ट साय प्यायची आणि चार तासांनी रक्त द्यायचं. बाहेरचे लोक एकदा येत, तोंड वाकडं करत आणि पुन्हा फिरकत नसत. काका मात्र चार वर्षं दर महिन्याला हजर.

“घरी बायको लोणी लपवून ठेवते, इथे मॅडम पेला भरून देतात,” ते म्हणायचे. “माझी बदली कायमची इथेच करा.”

रक्त यंत्रात फिरवलं की लाल पेशी तळाला बसून वर पातळ सीरम उरतं; इतरांचं ते गढूळ निघे, काकांचं थेट दुधासारखं. ते ताटलीत घातलं की पेशी चरबीच्या थेंबांनी गच्च भरायच्या. आमच्या प्रमुख मॅडम खूश. “काकांचं वापर,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

यंदा पहिल्यांदाच तुलनेसाठी उपाशीपोटीचं रक्त लागलं. मी काकांना चौदा तास काही न खाता यायला सांगितलं. रक्त फिरवलं, तर पांढरं.

“काका, काय खाऊन आलात?”

“काही नाही गं. घोटभर पाणी, बस्स.”

“मला शेंडी लावू नका हं.”

मी वैतागून त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी बोलावलं. ते मुकाट्याने आले, भुकेने चेहरा एवढासा झालेला. रक्त पुन्हा पांढरंच.

मी नळी उजेडासमोर धरली. खाल्लेली चरबी काही तासांत रक्तातून निघून जायला हवी. काकांची जातच नव्हती. ज्याला आम्ही उत्तम नमुना म्हणत होतो तो एक आजारी माणूस होता, आणि आम्हीच त्याला पेले भरभरून देत होतो. नळीवर नाव नसतं, क्रमांक असतो. पण क्रमांक कुणाचा हे आम्हाला सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. शिकलेल्या माणसांच्या अकलेचं दिवाळं निघालं, दुसरं काय!

मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या. कडक पथ्य, दुसऱ्या दिवसापासून गोळ्या, साय कायमची बंद.

परत आल्यावर मॅडमना सगळं सांगितलं. त्या हादरल्या, काकांची माफीही मागितली. मग जरा घुटमळून म्हणाल्या, “गोळ्या उद्यापासून ना? मग आज एकदा... साय नको, नुसतं रक्त. पुन्हा असं सीरम मिळायचं नाही.”

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत काका खुर्चीत बसून बाही वर करत होते. माझं डोकंच फिरलं. मी ती बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं.

“घरी जा, काका.”

ते उठले नाहीत. बटण पुन्हा काढत हळूच म्हणाले, “घे ना गं पोरी. उद्यापासून मी नुसता शिपाईच आहे की.”