माटवीतली खबर

“माटवीत हात घालूचा भायल्या माणसाक सुचात काय गो? ह्यां आपल्यातल्याच कोणाचां तरी काम.”

मालवणच्या बाजारात, चतुर्थीच्या आदल्या सकाळी, माझ्या पाठीमागे सुलुकाकी शेजारणीला सांगत होती. माझ्या हातात एक तवसं होतं, आमच्याकडची जाडजूड काकडी. ते मी खाली ठेवलं नाही, टोपलीतही टाकलं नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.

“आणि बांधूक तोच इल्लो. भिवातात्या. दुसऱ्या कोणाक ठावक असतला?”

हे सगळं, असं पहिल्यापासून, मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, कार्यालयात नाही, जी एक मैत्रीण आहे तिलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ही काही धीट माणसाची रीत नव्हे, मला कळतं.

माटवी म्हणजे आमच्याकडे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, चिबूड, तवसं, आंब्याचे टाळे — रानातलं आणि परसातलं सगळं बांधायचं. बांधणं सोपं नसतं. वजन सगळीकडे सारखं पडावं लागतं, आणि गाठ अकरा दिवस सुटता कामा नये. आमच्या वाडीत बारा घरांच्या माटव्या एकच माणूस बांधायचा, भिवातात्या. कोणाच्या घरी बांधल्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. चहा घ्यायचे, आणि गाठ मारताना आपल्याशीच काहीतरी गुणगुणायचे.

संदेश हा सुलुकाकीचा मुलगा. आणि माझा दादा त्याचा मित्र. पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्या एकाच बोटीवर दोघं काम करायचे. गोव्याहून येताना संदेश काय आणायचा ते मी पाहिलं होतं. दादाला त्यानेच पहिल्यांदा दिलं, तेही आमच्याच खळ्यात, घरापुढच्या अंगणात बसून, हसत हसत. मी खिडकीत होते. सतरा वर्षांची. इंग्रजी शाळेत शिकलेली, मालवणी बोलायला गेले की वाडीतली पोरं “मॅडम इली” म्हणून चिडवायची, म्हणून बोलणंच सोडून दिलेली. मी पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. एक हाक मारली असती तर? माहीत नाही. मारली नाही, एवढंच माहीत आहे.

दादा मेला नाही. लोकांना वाटतं, तेवढं तरी बरं. तो पडवीत बसलेला असतो. एका दमात तळ गाठणारा माणूस — आता शर्टाचं बटण लावायला त्याला आई लागते.

त्याच्याकडे बघत मी अभ्यास केला. परीक्षा दिली, दुसऱ्या खेपेला पास झाले, आणि अमली पदार्थांचा तपास करणाऱ्या केंद्रीय खात्यात लागले. मुलाखतीत विचारलं, हीच नोकरी का? मी देशसेवा म्हणाले. खरं उत्तर संदेश होतं. प्रशिक्षणात पहाटे धावताना, कायद्याची कलमं पाठ करताना, पहिल्यांदा पिस्तूल हातात घेताना — प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे त्याचं ते हसणं असायचं. वाडीत आईने सांगून ठेवलं होतं की मी कुठल्याशा सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. पोरीचं लग्न व्हायचं होतं ना.

प्रशिक्षणात एक गोष्ट शिकवली, ती मला इतर सगळ्यांपेक्षा जास्त आवडली. खबर आली की अधिकाऱ्याने ती लगेच लिहून काढायची आणि वरिष्ठांकडे द्यायची. खबऱ्याचं नाव लिहायचं नाही. ते अधिकाऱ्याच्या पोटात राहतं. सहसा कोर्टही विचारत नाही. ज्या मुलीला आयुष्यभर चारचौघांत तोंड उघडता आलं नाही, तिला याहून चांगलं काय मिळणार होतं?

गोव्यातल्या कार्यालयात रुजू होऊन सहा महिने झाले आणि मी एक खबर लिहिली. संदेशने घरी माल आणला आहे. चतुर्थीला तो घरी असेल. माल माटवीत, नारळांच्या आत लपवलेला आहे. कोणीही मला काही सांगितलेलं नव्हतं. एकही शब्द खरा नव्हता — म्हणजे संदेश चतुर्थीला घरी असणार, एवढाच खरा होता. चतुर्थीला आमच्याकडे कोण घरी नसतं?

माटवीच का लिहिलं? पलंगाखाली लिहिता आलं असतं, बोटीत लिहिता आलं असतं. पण मला त्याच्या घरात, पाहुण्यांसमोर, त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत काहीतरी असं मोडायला हवं होतं की जे पुन्हा तसंच बांधता येणार नाही. हे मी रागाच्या भरात लिहिलं नाही. नीट विचार करून, सुवाच्य अक्षरात लिहिलं. मी त्या भागातली आहे, लोक ओळखतील, म्हणून मी येत नाही, असं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, शहाणी आहेस.

पुढचं आईने फोनवर सांगितलं. आरती नुकतीच संपली होती. गाडी आली, साक्षीला दोन पंच घेतले, स्टुलावर चढून माटवी सोडायला घेतली. तात्यांच्या गाठी सुटेनात म्हणून कापल्या. तवसं गणपतीच्या पुढ्यात पडून फुटलं. एकेक नारळ फोडला. काही नव्हतं. सुलुकाकी दारात बसून हंबरडा फोडत होती. मी फोन कानाला लावून ऐकत होते — आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? खूप बरं वाटत होतं.

पण संदेशचं काय झालं? काहीच नाही. सरकारने घर उलटं केलं आणि काही सापडलं नाही, म्हणजे पोरगा निर्मळ, असंच वाडीने ठरवलं. आता त्याच्या दोन बोटी आहेत. मीच त्याला धुऊन दिलं. याचा राग मला अजून झोपू देत नाही, आणि त्याच्याबद्दल मला आजही तिळभर वाईट वाटत नाही.

वाईट दुसरीकडेच झालं. माटवीचं नाव भायला माणूस घेणार नाही, हे सगळ्यांना कळलं. आणि त्या घरची माटवी कोणी बांधली होती? पुढच्या वर्षी बारापैकी एकाही घराने तात्यांना बोलावलं नाही. तरी ते आमच्याकडे आले, सुंभाची गुंडाळी काखेत घेऊन. आई दारातच म्हणाली, “तात्यानू, यंदा आमची आमीच बांधतो.” मी आत समईची वात वळत होते. तात्या म्हणाले, “बरां बरां,” आणि खळ्यातूनच परत गेले. आईने मला काही विचारलं नाही. तिने का विचारलं नाही, हे मीही तिला विचारलं नाही.

एक गोष्ट राहिली. ती मी मुद्दाम मागे ठेवत आले. दादा असा झाल्यावर त्याच्याजवळ येऊन बसणारं एकच माणूस होतं. तात्या. दुपारी यायचे, त्याच्या हातात सुंभ द्यायचे, गाठ शिकवायचे. “हां, आता खालसून घे. अरे खालसून रे, पाण्यात बरो जायस!” दादा हसायचा. त्याला तीन गाठी यायला लागल्या होत्या. त्या दिवसानंतर तात्या आले नाहीत. सुंभाचा तुकडा पडवीत तसाच आहे. दादा तो मांडीवर घेऊन बसतो आणि खळ्याकडे बघत राहतो.

ज्याच्यासाठी सूड घेतला, त्याचाच माणूस मी काढून घेतला. दोन वर्षं मला हे माहीत होतं. दोन वर्षं मी गप्प होते. खोटी खबर देणाऱ्या अधिकाऱ्याचं काय होतं, तेही प्रशिक्षणात शिकवलं होतं.

तर, बाजारात माझ्या हातात तवसं होतं, आणि तात्या त्याच गाळ्यावर आले. वाळले होते. सुपारीचा एक लहानसा घोस त्यांनी उचलला, एकट्या माणसाच्या घरापुरता. सुलुकाकी मोठ्याने म्हणाली, “काय तात्यानू, यंदा खंय बांधतल्यात माटवी? की हापिसात विचारून सांगतल्यात?”

बायका हसल्या. गाळेवालाही हसला. तात्यांनी घोस परत जागेवर ठेवला, अगदी हळू, एकही सुपारी गळू न देता.

मी वळले. सगळे माझ्याकडे बघत होते. माझी मालवणी अजूनही नीट नाही, आवाज चिरकला, पण गाळ्याच्या पलीकडच्यांनाही ऐकू गेलं.

“सुलुकाकी, ती खबर तात्यानी नाय, मी दिलंय. आणि माटवीत काय्यक नव्हतां, ह्यां लिवताना माका ठावक होतां.”