केक आधी खायचा की आधी ठेवायचा

इंग्रज हा देश सोडून गेले ते माझ्या मामेसासऱ्यांच्या धाकाने, असं आमच्या घरात सगळे मानतात. त्या वेळी मामांचा जन्म झाला नव्हता, एवढीच एक अडचण. दिंडोरीच्या एका द्राक्ष निर्यातदाराकडे ते तीस वर्षं टायपिस्ट होते. साहेबांची पत्रं टाइप करता करता, इंग्रजी वाक्प्रचारांची राखण आपल्याकडेच आहे, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आमच्या साखरपुड्यात माझे वडील कौतुकाने म्हणाले, "बाहेर काय रेनिंग डॉग्स अँड कॅट्स चाललंय!" तोच पंगतीतून मामा गरजले, "मांजरं आधी!" वडिलांची जिलबी हातातच राहिली. अजूनही ते मामांसमोर पावसाचा विषय काढत नाहीत.

मामांना पुरून उरला तो एकच माणूस, शेजारच्या टेबलावरचे टायपिस्ट, सिन्नरचे शेखभाई. भांडण इंग्रजांच्या त्या केकच्या म्हणीवरून. खाल्लेला केक शिल्लक राहत नाही, हे दोघांना मान्य. पण म्हणताना 'ईट' आधी की 'हॅव' आधी, म्हणजे केक आधी खायचा की आधी ठेवायचा? मामा म्हणत, आधी खायचा. शेखभाई म्हणत, "सगळी दुनिया आधी ठेवती भाऊ, तुलाच कसली घाई?" निवृत्तीनंतरही दर रविवारी फोनवर हेच. एकदा मी मोबाईलवर शोधून निकाल लावायला निघाले, तर मामांनी मोबाईलच काढून घेतला. "खबरदार! मग रविवारी बोलायचं काय?"

गेल्या वर्षी शेखभाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं करा. मामा रोज एसटीने सिन्नरला जाऊ लागले. एकदा मीही गेले. पलंगाशी बसून मामा मुद्दाम चुकत होते, "डॉग्स अँड कॅट्स, शेखभाई! कुत्रे आधी!" शेखभाईंची नजर छताला. परतताना मामा एसटीत पुटपुटत होते. कान दिला, तर दिवसभर चुकवलेला एकेक वाक्प्रचार ते बरोबर म्हणून घेत होते. मला हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं.

महिन्याभराने मामांनी शेवटचा उपाय केला. "शेखभाई, तुझंच बरोबर. केक आधी ठेवायचा. मी हरलो."

शेखभाईंनी मान वळवली. ओठ बराच वेळ हलत राहिले. "नाय... आधी... खायचा."

आता रविवारी फोनवर मामा ठेवण्याच्या बाजूने भांडतात, शेखभाई खाण्याच्या. तिकडून चार शब्द यायला पाच मिनिटं लागतात. जन्मभर लोकांची वाक्यं मध्येच तोडणारे मामा तेवढा वेळ फोन कानाला धरून गप्प बसून राहतात.