घारबिबट्याचा सोमवार

जगातला कुठलाही हिंस्र प्राणी माझ्या ठाकुर्लीच्या मावशीच्या हाती द्या, आठवड्याभरात तो हातपाय धुऊन पाटावर येऊन बसेल. मावशी शिवणाचे क्लास घेते आणि उरलेल्या वेळात एका काल्पनिक जगाची कादंबरी लिहिते. त्या जगातला सगळ्यात भयंकर शिकारी म्हणजे घारबिबट्या. अंग येऊरच्या जंगलातल्या बिबट्याचं, पंख घारीचे, शेपूट घोरपडीचं. चित्रं काढायचं काम माझ्याकडे, कारण इंग्लिश मीडियमवालीचं मराठी तिला चालत नाही, रेघा चालतात. माझं पहिलंच चित्र तिने टेप लावून तपासलं. "अगं, पंख काखेत ओढतायत. उडताना उसवेल ना बिचारा!" मी मुंढे सैल केले.

मग त्याचं खाणंपिणं ठरलं. शिकार फक्त बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. श्रावणात महिनाभर रताळी उकरून खायची. "मावशी, बिबटे कधी वार बघतात का?" मी धीर करून विचारलं. "त्यांना सांगणारं कोणी नाही म्हणून," ती म्हणाली.

पुस्तक छापून यावं, एवढी एकच हौस तिने आयुष्यात केली असेल. एका प्रकाशकांनी कळवलंही, की छापतो, पण पहिल्या प्रकरणात या प्राण्याने हरणाला मारलंच पाहिजे, नाहीतर वाचक घाबरणार कसा? मावशी रोज लिहायला बसायची. हरिण पाण्यावर यायचं, घारबिबट्या दबा धरायचा आणि नेमकी तेव्हाच मावशी चहा ठेवायला उठायची. शेवटी मीच त्याचं रक्ताळलेल्या तोंडाचं चित्र काढून नेलं. म्हटलं, बघून तरी लिहिता येईल. तिने खोडरबर माझ्यापुढे सरकवला.

"आधी त्याचं तोंड पूस."

"मावशी, मग पुस्तक?"

"पूस गं. आज सोमवार आहे."

पुस्तक निघालं नाही. मावशी त्याबद्दल बोलत नाही, ब्लाउज बेतते. चित्र डोंबिवलीला माझ्या टेबलावर भिंतीशी आहे. लाल पेन्सिल कितीही खोडली तरी पूर्ण जात नाही, त्यामुळे घरी आलेले विचारतात, "हा कोणाला खाऊन आलाय?" पाहुण्यांसमोर मला एरवी शब्द सापडत नाहीत. पण याचं उत्तर मी लगेच देते.

"कोणालाच नाही. आज सोमवार आहे."

रविवार असला तरी.